अमिबावरचं अर्धं औषध

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: यजमानांचं वय ४२. गेली तीन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी पोट बिघडतं, मुरडा येतो, आव पडते. शौच तपासणीच्या कागदावर ‘एन्टामिबा हिस्टोलिटिका सिस्ट’, म्हणजे आव पाडणाऱ्या अमिबाची पुटी, असं लिहून येतं. मेट्रोनिडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच दिवस घेतल्या की बरं वाटतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू होतं. सात-आठ कोर्स झाले. जंतू आता या औषधाला दाद देत नाहीत का, आणि यापेक्षा ‘हेवी’ औषध घ्यावं का?

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३० वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो आहे. हा प्रश्न मला पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘हेवी’ औषध नको, हे आधीच सांगून टाकतो. अमिबा मेट्रोनिडाझोलला जुमानेनासा झाला, असं प्रत्यक्ष रुग्णांमध्ये सहसा दिसत नाही. तुमच्या यजमानांच्या बाबतीत दोनच गोष्टींची शक्यता मोठी आहे. एक तर प्रत्येक वेळी औषध अर्धंच दिलं गेलं, नाही तर त्यांच्या पोटात तो अमिबा मुळात नव्हताच.

अर्धं औषध म्हणजे काय, ते समजायला या जिवांची राहणी थोडी माहीत हवी. अमिबा, जिआर्डिया, मलेरियाचे परजीवी हे जिवाणू नव्हेत. ते एकपेशीय असले तरी त्यांच्या पेशीला आपल्या पेशीसारखंच केंद्रक असतं, आणि जिवाणूंना असते तशी भिंत नसते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं त्या भिंतीवरच घाव घालतात, त्यामुळे इथे ती निरुपयोगी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यातले बरेच जीव दोन रूपांत किंवा दोन ठिकाणी जगतात. एक रूप धुमाकूळ घालतं आणि त्याचा आपल्याला त्रास होतो. दुसरं रूप गप्प बसून राहतं. औषधाचा पहिला भाग धुमाकूळ घालणाऱ्याला मारतो, रुग्णाला बरं वाटतं, आणि गप्प बसलेला तसाच राहतो.

अमिबाची पुटी, म्हणजे सिस्ट, दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांतून पोटात जाते. तिच्यावर टणक कवच असतं. नळाच्या पाण्यात नेहमी घालतात तेवढ्या क्लोरिनने ती मरत नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, पुटी मरत नाही. पाणी खळखळून उकळलं की मात्र ती मरते. आतड्यात कवच फुटून हलता-चालता अमिबा बाहेर येतो आणि मोठ्या आतड्यात मुक्काम करतो. बहुतेकांना तो काहीच करत नाही. काहींमध्ये तो आतड्याचं अस्तर पोखरतो, मग रक्ती आव पडते. क्वचित तो रक्तावाटे यकृतात जातो आणि तिथे गळू करतो. आतड्याच्या पोकळीत राहिलेले अमिबा पुन्हा पुट्या बनून शौचावाटे बाहेर पडत राहतात.

आता मेट्रोनिडाझोलकडे बघा. ते मुळात ट्रायकोमोनास या योनिमार्गातल्या परजीवीसाठी फ्रान्समध्ये तयार झालं आणि १९६० च्या सुमारास वापरात आलं. अमिबावर ते किती गुणकारी आहे, हे १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. त्याआधी एमेटिनची इंजेक्शनं असायची. १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ती रुजवली. त्या इंजेक्शनांनी असंख्य जीव वाचवले, पण हृदयावर परिणाम व्हायचा म्हणून रुग्णाला अंथरुणातून उठू देत नसत. त्या मानाने मेट्रोनिडाझोल ही देणगीच होती. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या पेशीत शिरल्यावरच ते जागं होतं आणि तिचा डीएनए तोडतं. आपल्या पेशींत ते बहुतांशी निद्रिस्तच राहतं.

पण ते लहान आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. रक्तात, यकृतात, आतड्याच्या भिंतीत भरपूर पोचतं, आणि मोठ्या आतड्याच्या पोकळीत, जिथे पुट्या बनवणारी वस्ती आहे, तिथे फार थोडं उरतं. म्हणून फक्त मेट्रोनिडाझोल किंवा त्याच गटातलं टिनिडाझोल घेतलेल्या १०० रुग्णांपैकी ४० ते ६० जणांच्या आतड्यात अमिबा शिल्लक राहतो. त्यांच्यासाठी दुसरं औषध लागतं, जे पोकळीतच काम करतं. आपल्याकडे त्यासाठी डायलोक्सानाइड फ्युरोएट वापरतात: मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस. पॅरोमोमायसिन हाही चांगला पर्याय आहे, ते सात दिवस देतात, पण लहान गावांत सहज मिळत नाही. तुम्ही पाठवलेल्या सात चिठ्ठ्यांपैकी एकीवरही यांतलं एकही औषध नाही. शिवाय मेट्रोनिडाझोलचे दिवसही कमी पडले आहेत. खऱ्या अमिबाच्या आवेला ते सात ते दहा दिवस लागतं.

हे मी शिकलो ते एका रुग्णाकडून, आणि ती चूक माझी होती. प्रॅक्टिसचं दुसरंच वर्ष. खाडीवर होडी चालवणारा एक तरुण ताप आणि उजव्या बरगडीखालच्या दुखण्याने आला. रोज माडी प्यायची सवय. यकृतात लिंबाएवढं गळू. मेट्रोनिडाझोल ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू केलं, चौथ्या दिवशी ताप उतरला, दहा दिवस पुरे करून मी त्याला घरी पाठवलं. जुलाब नव्हते, शौचात काही सापडलं नव्हतं, म्हणून पोकळीतल्या अमिबासाठी काही लिहून दिलं नाही. पाच महिन्यांनी तो पुन्हा आला. या वेळी गळू यकृताच्या डाव्या भागात, हृदयाच्या पिशवीला लागून. ते फुटलं असतं तर मी त्याला वाचवू शकलो नसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नळी घालून पू काढला आणि तो वाचला. त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यातून यकृताच्या अमिबाचा एकही रुग्ण डायलोक्सानाइडशिवाय बाहेर पडलेला नाही.

यकृताच्या गळवाबद्दल इथेच थोडं सांगतो, कारण ते ओळखायला उशीर होतो. बहुतेक रुग्ण पुरुष असतात, त्यात दारू-ताडी-माडी घेणारे अधिक. बऱ्याच जणांना जुलाब नसतातच. ताप, घाम, उजव्या कुशीत दुखणं, कधी उजवा खांदा दुखणं. खांदा दुखतो म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. सोनोग्राफीत गळू दिसतं. पू काढला तर चॉकलेटी रंगाचा असतो. प्रत्येक गळू सुईने रिकामं करावं लागत नाही. मोठं असेल, डाव्या बाजूला असेल, फुटायच्या बेतात असेल किंवा तीन-चार दिवसांत औषधाने ताप हलला नाही, तर काढतात. आणखी एक: बरं वाटल्यावरही सोनोग्राफीत ती पोकळी कित्येक महिने दिसत राहते. रिपोर्ट बघून घाबरून पुन्हा पुन्हा गोळ्या घेणारे असतात, त्याची गरज नाही. ताप गेला, वजन वाढलं, भूक आली, तर ती पोकळी आपोआप भरत जाते.

आता दुसरी शक्यता. मला ती तुमच्या यजमानांच्या बाबतीत जास्त वाटते. आपल्याकडे ‘जुना आमांश’ हा शब्द इतका रुळला आहे की पोटाची कुठलीही जुनी तक्रार त्यात बसवली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली जी पुटी ‘हिस्टोलिटिका’ म्हणून लिहिली जाते, तिच्यासारखीच हुबेहूब दिसणारी ‘एन्टामिबा डिस्पार’ नावाची निरुपद्रवी जात आहे. ब्रुम्प्ट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ मध्येच ही कल्पना मांडली होती, ती रीतसर स्वीकारली गेली १९९३ मध्ये. नुसती पुटी बघून दोघींत फरक करता येत नाही, आणि जगभरात अशा पुट्या बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पोटात निरुपद्रवी डिस्पारच असते. तिला औषधाची गरज नसते. हलत्या अमिबाच्या पोटात लाल पेशी दिसल्या, तर तो हिस्टोलिटिका असण्याची दाट शक्यता. नाही तर शौचातली अँटिजेन तपासणी (त्या जातीचे अंश शोधणारी) किंवा पीसीआर (तिचा डीएनए ओळखणारी) करावी लागते. ती मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते.

मग गोळ्यांनी बरं कसं वाटतं? अशा तक्रारींमागे पुष्कळदा असतो तो आतड्याचा क्षोभ, म्हणजे इरिटेबल बॉवेल, आणि हा आजार येतो-जातो. चार-पाच दिवसांत तो झटका तसाही ओसरतो आणि श्रेय गोळीला मिळतं.

लॅबच्या तपासणीतही एक अडचण आहे. हलता अमिबा शरीराबाहेर अर्ध्या-पाऊण तासात मरतो. सकाळी सहाचा नमुना दहा वाजता काचेवर गेला तर त्यात काही दिसत नाही. नमुना लॅबजवळच द्या, ताजा द्या, त्यात लघवी मिसळू देऊ नका, आणि वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या. त्याआधी निदान दोन आठवडे कुठलंही अँटिबायोटिक पोटात गेलेलं नसावं.

याच धांदलीतून येणारी आणखी गंभीर चूक सांगतो, मात्र तिची दिशा उलटी आहे. रक्ती आव कधी कधी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणून व्रण पाडणारा आजार) समजली जाते आणि स्टेरॉइड सुरू होतं. खरं कारण अमिबा असेल तर स्टेरॉइडने तो मोकाट सुटतो आणि आतड्याला भोक पडतं. म्हणून स्टेरॉइड देण्याआधी अमिबा नाही, याची खातरजमा करायलाच हवी.

औषधाच्या दुकानात ‘जुलाबाची गोळी’ म्हणून मिळतात त्या जोडगोळ्यांबद्दलही बोलायला हवं: ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल, नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल. एक जिवाणूंसाठी, एक परजीवींसाठी, म्हणजे काहीही असो, लागू पडेल, असा त्यामागचा हिशोब. पण साध्या जुलाबांत बहुतेक वेळा दोन्ही लागत नाहीत, मीठ-साखर-पाणी म्हणजे ओआरएस लागतं. अमिबा असेल तर दोन-तीन दिवसांचा हा डोस अपुरा पडतो, पोकळीतल्या वस्तीला तो पुरत नाहीच, आणि फुकट गेलेलं ओफ्लॉक्सासिन आपल्याच आतड्यातल्या जिवाणूंना प्रतिकार शिकवून जातं. या गोळ्यांनी आपल्या पिढीचं फार नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन रूपांची हीच गोष्ट मलेरियात अधिक ठळक दिसते. आमच्याकडे गणपतीला चाकरमानी मुंबईहून येतात. त्यांतल्या काहींना इथे आल्यावर थंडी वाजून ताप भरतो. तपासलं तर व्हायवॅक्स या प्रकारचा मलेरिया. क्लोरोक्विन तीन दिवस दिलं की रक्तातले परजीवी मरतात, ताप जातो, माणूस मुंबईला परततो. आणि शिमग्याला पुन्हा तोच ताप घेऊन येतो. मधल्या काळात त्याला डास चावलेला असेलच असं नाही. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी आठ-दहा महिन्यांनी जागे होतात. त्या झोपलेल्यांवर क्लोरोक्विनचा काहीच परिणाम होत नाही. त्यांना मारतं ते प्रायमाक्विन, आणि ते आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे रोज, १४ दिवस घ्यायचं असतं. मोठ्या माणसाला १५ मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी ताप गेलेल्या माणसाला पुढचे अकरा दिवस गोळी घ्यायला लावणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कठीण काम. मी घरातल्या आईला किंवा वहिनीला समोर बसवून कॅलेंडरवर चौदा खुणा करून देतो. त्याचा फरक पडतो.

प्रायमाक्विनच्या बाबतीत एक खबरदारी मात्र सोडू नका. काही जणांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं. त्यांना या गोळीने पेशी फुटून रक्त झपाट्याने उतरतं. शक्य तिथे ती तपासणी आधी करावी. गोळी सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा एकदम दम लागू लागला, तर गोळी त्याच क्षणी बंद आणि दवाखाना. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत.

फाल्सिपेरम हा मलेरियाचा मारक प्रकार. आपल्या राज्यात गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात तो नेहमीचा. प्रतिकाराची तुमची शंका खरी ठरते ती इथे. क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपेरम भारतात १९७३ मध्ये आसामात सापडला. आता त्यावर आर्टिमिसिनिन गटातलं औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच देतात, एकटं कधीच नाही, कारण एकटं दिलं तर तेही हातातून जाईल. चीनच्या तू यूयू यांना या औषधाच्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. सोबत प्रायमाक्विनचा एकच डोस असतो. तो रुग्णाच्या तापासाठी नसतो. त्याच्या रक्तातून डासात जाणारी रूपं त्याने मरतात, म्हणजे वाडीतला पुढचा माणूस वाचतो. फाल्सिपेरममध्ये शुद्ध हरपली, झटके आले, लघवी कमी झाली, तर गोळ्यांचा विषय संपतो, शिरेतून याच आर्टिमिसिनिन गटातलं आर्टेसुनेट लागतं.

जिआर्डियाचं थोडक्यात. फेसाळ, चिकट, दुर्गंधी शौच, पोट फुगणं, ढेकरा, मुलांचं वजन न वाढणं. रक्त सहसा पडत नाही. मोठ्या माणसाला टिनिडाझोल दोन ग्रॅम एकदाच, जेवणानंतर. बहुतेकांना तेवढं पुरतं. जिआर्डियात मात्र या गटाला प्रतिकार वाढतो आहे. भारतातून परतलेल्या प्रवाशांत तो ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाही आढळला आहे. मग नायटाझोक्सानाइड तीन दिवस किंवा अल्बेंडाझोल पाच दिवस देतात. बरं झाल्यावरही काही आठवडे दूध पचत नाही, तो आजार उलटलेला नसतो.

ट्रायकोमोनासमध्ये गप्प बसलेला साठा दुसऱ्याच माणसात असतो. बाईला अंगावरून फेसाळ, पिवळसर-हिरवा स्राव जातो, आग होते. नवऱ्याला बहुधा काहीच जाणवत नाही. बाईने सात दिवस गोळ्या घ्यायच्या आणि नवऱ्याने घ्यायच्या नाहीत, असं झालं की महिन्याभरात ती पुन्हा माझ्यासमोर असते. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं आणि ते संपेपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. हे सांगताना नवऱ्याला आत बोलावून मी स्वतः बोलतो, ते ओझं तिच्यावर टाकत नाही.

मेट्रोनिडाझोल लोक चौथ्या दिवशी सोडतात ते तोंडाच्या कडवट, पितळेसारख्या चवीने आणि मळमळीने. जेवणानंतर घ्या, त्रास कमी होतो. लघवी गडद होते, त्याने काही बिघडत नाही. औषध चालू असताना आणि नंतर तीन दिवस दारू नको. उलट्या, छातीत धडधड, चेहरा लाल होणं असा त्रास होऊ शकतो. आणि इथे एक गोष्ट आपल्या घरांत हमखास राहून जाते. आवेवर कुटजारिष्ट घ्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. कुड्याच्या सालीचा गुण मी नाकारत नाही, पण सगळ्या आसव-अरिष्टांत आंबून तयार झालेलं मद्य असतं. या गोळ्यांबरोबर ते घेऊ नका. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं, त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होतो. आणि वारंवार, लांबलचक कोर्स घेणाऱ्यांच्या हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. तुमच्या यजमानांचे सात-आठ कोर्स झाले आहेत, म्हणून त्यांना हे मुद्दाम विचारा.

तर त्यांच्यासाठी मी असं करीन. आज कुठलंही नवं औषध नाही. दोन आठवड्यांनी ताज्या शौचाचे तीन नमुने आणि एक अँटिजेन तपासणी. हिस्टोलिटिका निघाला आणि मुरडा-आव चालू असेल, तर मेट्रोनिडाझोल पूर्ण सात ते दहा दिवस आणि त्यानंतर डायलोक्सानाइड दहा दिवस. निघाला पण त्रास काही नाही, तर फक्त डायलोक्सानाइड. औषधानंतर पुन्हा शौच तपासायचं, आणि घरातल्या सगळ्यांचंही एकदा, विशेषतः जी व्यक्ती स्वयंपाक करते तिचं. नाहीच निघाला, तर अमिबाचा पाठलाग सोडून द्यायचा: रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, दूध बंद करून दोन आठवडे बघणं. शौचात रक्त असेल किंवा वजन घटत असेल, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. बेचाळिशीत ती टाळू नये, कारण मोठ्या आतड्याचा कर्करोगही अशाच आवेच्या आडून येतो.

या दोन आठवड्यांत त्यांना ताप आला आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर नमुन्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या.